बाटलीतला मोती

नांदगिरीच्या जिल्हा रुग्णालयात एकच खोली बारमाही थंड असे, आणि ती माणसांसाठी नव्हती. तळघरातल्या त्या प्रयोगशाळेत भिंगवाचक नावाचं यंत्र होतं. त्याला उकाडा सोसत नसे. वरच्या मजल्यावर उष्माघाताचे रुग्ण एकेका खाटेवर दोघे दोघे पडलेले असत. त्यांना तो सोसतो, असं सरकारचं म्हणणं होतं.

त्या थंड खोलीत डॉ. अनसूया मेश्राम औष्णिक कंपनीचा अहवाल वाचत होत्या. हल्ली त्यांना कागद नाकाशी धरावा लागे. शेजारी डॉ. नजमा काझी उभ्या होत्या. त्या भौतिकशास्त्रज्ञ, भिंगवाचक त्यांनीच बनवला होता.

"सात," अनसूया म्हणाल्या. "भट्टीलाइनची सरासरी सात वलयं! मर्यादा चाळीस. म्हणजे पाचव्या भट्टीला रान मोकळं."

"मी स्वतः पडताळलं. यंत्र बरोबर आहे."

"मग माझी भट्टीलाइन खोटं बोलते का?"

भट्टीलाइन म्हणजे वीजकेंद्राच्या धुरांड्यांखाली, कोळशाच्या ढिगांना लागून बांधलेल्या कामगारांच्या चाळी. तिथं चार भट्ट्यांची धग आणि वरून तापत चाललेलं जग, दोन्ही एकाच पत्र्यावर उतरे. अनसूयांचा जन्म तिथलाच. कोळसा बंद करू असं सांगणारी सरकारं येऊन गेली, कोळसा मात्र राहिला, आणि आता पाचव्या भट्टीचा चौथरा बांधून तयार होता.

ती अडवू शकेल असा एकच कायदा होता आणि तो डॉक्टरांनी भांडून मिळवला होता. कित्येक वर्षं पांढरे कोट घालून डॉक्टर आणि परिचारिका रस्त्यावर बसल्या. मंत्री म्हणत, डॉक्टरांनी गोळ्या द्याव्यात, हवामानाच्या गप्पा वेधशाळेनं माराव्यात. कंपनी म्हणे, आमच्या आवारातला तापमापक बघा, पारा कसा शहाण्यासारखा खाली बसलाय. तो तापमापक कडुनिंबाच्या सावलीत, पाण्याच्या टाकीशेजारी टांगला होता. तेव्हा अनसूयाच भर सभेत ओरडल्या होत्या, "तापमापक झाडाला कशाला टांगता? माणसात ठेवा!"

माणसात तो होताच, डोळ्यात. शरीराची कातडी झडते, रक्त नवं होतं, हाडंसुद्धा हळूहळू बदलतात. डोळ्याच्या भिंगाचं तसं नाही. ते कांद्यासारखं थरावर थर चढवत वाढतं आणि एकदा बसलेला थर मरेपर्यंत तसाच राहतो. दिवसा माणूस तापला तरी रात्री निवला, तर थर सरळ बसतो. पण रात्रीही उकाडा हटला नाही, शरीराला उसंत मिळाली नाही, तर त्या काळातला थर वाकडा बसतो. विशिष्ट किरण टाकला की तो वाकडा थर गोल रेघेसारखा उजळतो. त्याचं नाव तापवलय. उष्णतेच्या जितक्या लाटांत रात्र निवली नाही, तितकी वलयं. वस्तीची सरासरी चाळीसच्या वर गेली तर तिथं नवी भट्टी नाही, हाच तो कायदा. कंपनीला डोळ्यातला तापमापक सावलीत टांगता येणार नाही, अशी डॉक्टरांची समजूत होती.

"सरासरी सोड," अनसूया म्हणाल्या. "एकेकाचं वाचन दाखव. म्हातारी माणसं आधी."

नजमांनी पडद्यावर आकडे आणले. अनसूया पडद्याला नाक लावून बघत राहिल्या. शून्य. शून्य. शून्य. मधेच एखादा पन्नाशीचा माणूस, त्याचे चौपन्न. पुन्हा शून्य.

"यमुनाबाई गेडाम," अनसूया थांबल्या. "आमची शेजारीण. सत्तरी उलटली, अख्खा जन्म धुरांड्याखाली गेला. हिच्या डोळ्यात एक वलय नाही? नजमा, महाबळेश्वरात जन्मलेल्या म्हातारीच्या डोळ्यातही दोन-चार निघतील!"

"यंत्राला वाकडा थर दिसला नाही की ते शून्य लिहितं."

"आणि थरच नसले तर?"

नजमांची नजर पडद्यावरच्या शून्यांवरून पुन्हा फिरली.

"मोतीबिंदू," अनसूया म्हणाल्या. "भिंग काढलं, प्लास्टिकचं बसवलं. त्याला कुठले थर आणि कुठली वलयं! उष्णतेनंच मोतीबिंदू लवकर होतो. म्हणजे जो सगळ्यात जास्त भाजला, त्याचं भिंग सगळ्यात आधी काढलं गेलं. कंपनीच्या खर्चानं, फुकट शिबिरात. आणि आता त्याच्या नावापुढे शून्य मांडून सरासरी खाली ओढतात!"

"शिबिरात काढलं कुणी?"

अनसूयांनी अहवाल टेबलावर आपटला. "देवपुजारी सरांनी. आणि उजेड धरायला शेजारी मी उभी होते."

डॉ. हेरंब देवपुजारी हे नांदगिरीचं दैवत होतं. अर्ध्या जिल्ह्याला त्यांनी दृष्टी दिली होती. आता ते आरोग्य मंडळाचे अध्यक्ष होते आणि पाचव्या भट्टीचा निवाडा करणाऱ्या लवादाचेही. कंपनीनं त्यांच्या नावानं नेत्रालय बांधून दिलं होतं. त्याबद्दल कुणी काही बोलत नसे, कारण बोलणाऱ्याच्या आईचा डोळा त्यांनीच केलेला असे.

लवाद भरला तो नेत्रालयाच्याच सभागृहात. अनसूया बोलायला उभ्या राहिल्या तेव्हा कंपनीच्या वकिलांनी उघड जांभई दिली. अनसूयांनी शून्याचं कोडं उलगडून सांगितलं. सभागृहात कुजबुज झाली. देवपुजारींनी चष्मा पुसला.

"डॉ. मेश्राम, तुमचा आरोप असा की मी लोकांना दृष्टी दिली हा गुन्हा केला."

"सर, मी तसं म्हटलं नाही. पुरावा डोळ्याबरोबर निघून गेला, एवढंच म्हणते. ही शून्यं सरासरीतून वगळा."

"वगळल्यावर उरतात किती? दहा-बारा माणसं. तेवढ्यावर मी हजारो घरांची वीज अडवायची?" त्यांचा आवाज चढला. "चाळीस वर्षं मी या गावाचे डोळे केले. तुम्ही काय केलंत? मोर्चे! गळ्यात नळी अडकवायची आणि हातात फलक धरायचा! मी तुम्हाला शस्त्रक्रिया शिकवली होती, तमाशा नव्हे."

कंपनीची माणसं हसली. वकील उठून म्हणाले, "यांना भिंगं हवी असतील तर आणावीत. आमची हरकत नाही."

काढलेलं भिंग कोण ठेवतो? सगळीकडे ते ध्वनिलहरींनी डोळ्यातच फोडतात आणि नळीनं ओढून घेतात. सगळीकडे, एक नांदगिरी सोडून. देवपुजारींना फोडाफोडीचा तिटकारा होता. ते भिंग त्याच्या पिशवीसकट अख्खं, ओरखडाही न उठवता बाहेर काढत, आणि तसं काढणारा देशात दुसरा नाही हे स्वतःच सांगत. त्याहून मोठी त्यांची एक खोड होती. मुतखडा काढला की डॉक्टर तो नातेवाइकांना बाटलीत घालून देतात, तसे देवपुजारी भिंग औषधी द्रावात बुडवून, बाटलीला लाखेची मोहोर लावून रुग्णाच्या हातात ठेवत. म्हणत, "हा घ्या तुमचा मोती. आमची कारागिरी घरी जपून ठेवा."

अनसूयांनी अशा कितीतरी बाटल्या स्वतः भरल्या होत्या, आणि त्यांना त्या आठवल्या नाहीत. काखेत कळसा अन् गावाला वळसा म्हणतात तो असा.

मागच्या बाकावरून यमुनाबाई उठल्या. त्या गंमत बघायला आल्या होत्या, बाजूनं बोलायला नव्हे.

"डॉक्टरसायब, मोती पाह्यजे का तुमाले? तो तं माह्या देवाजवळ आहे! तुमीच देल्ला ना! लाइनीत घरोघरी आहे. कोनी देवापाशी ठेवला, कोनी टीवीवर. आमी काई फेकला नाई बाप्पा, तुमी इतक्या मायेनं देल्ला होता."

दुसऱ्या दिवशी लवादाच्या टेबलावर बाटल्याच बाटल्या होत्या. काहींवर हळदकुंकू होतं. एकीला मोत्यांची माळ घातलेली होती.

कंपनीचे वकील लगबगीनं म्हणाले, "ही भिंगं कुणाची, कुठली, काय भरवसा? कुणीही कुठूनही आणून ठेवली असतील. अध्यक्ष महाराजांनी फक्त एवढंच सांगावं की ही आपल्या हातची नाहीत."

देवपुजारींनी यमुनाबाईंची बाटली उचलून खिडकीच्या उजेडात धरली. आत पिवळसर भिंग अख्खं तरंगत होतं. ते नाही म्हणाले असते तर प्रश्न मिटला असता. नजमांनी अनसूयांचा हात घट्ट धरला.

"हे काम दुसऱ्या कुणाचं?" देवपुजारी संतापून वकिलांवरच खेकसले. "कड बघा! पिशवीला चरा तरी आहे का? असं भिंग या हाताशिवाय निघालेलं मला दाखवा!"

माणसाला अहंकार नसता तर सत्याचं काही खरं नव्हतं. भिंगवाचक तिथंच लावला गेला. यमुनाबाईंच्या मोत्यात ब्याण्णव वलयं निघाली. संध्याकाळपर्यंत भट्टीलाइनची नवी सरासरी आली, सत्त्याऐंशी. यापुढे फक्त डोळ्यातलं खरं भिंग मोजायचं, प्लास्टिकचं किंवा बाटलीतलं नाही, असाही नियम झाला.

डॉक्टरांनी एकमेकांना मिठ्या मारल्या. अनसूया रडल्या. लवादाचा निकाल आठवड्यानं लागणार होता. आकडा तर बोलूनच चुकला होता.

निकाल देवपुजारींनी स्वतः वाचला, सावकाश, चव घेत.

"कायद्याचं सातवं कलम, जे डॉक्टर संघटनेच्याच आग्रहानं घातलं गेलं, असं सांगतं की वलयांची सरासरी मर्यादेच्या दुपटीपलीकडे गेली तर ती वस्ती राहण्यास अयोग्य ठरते. तिथल्या माणसांना तातडीनं हलवावं. डॉ. मेश्राम यांनी भट्टीलाइनची सरासरी सत्त्याऐंशी असल्याचं निर्विवाद सिद्ध केलं आहे. त्यांचे आभार. भट्टीलाइन महिन्याभरात रिकामी करावी."

त्यांनी पान उलटलं.

"आता पाचव्या भट्टीबद्दल. मर्यादा रहिवाशांच्या डोळ्यांवर ठरते. रहिवासी नसतील तर डोळे नाहीत, डोळे नाहीत तर वलयं नाहीत. शेवटचं औपचारिक वाचन होताच भट्टी पेटवण्यास परवानगी देण्यात येईल."

वाक्यावाक्यात कायदा होता आणि कुठं बोट ठेवायला जागा नव्हती. डॉक्टरांनी कायदा केला तो डॉक्टरांसारखाच केला होता. त्यांना रोग दिसतो तो रुग्णात. रुग्ण धोक्यातून उचलून बाजूला ठेवला की त्यांना बरं वाटतं. खाट रिकामी झाली की रोग गेला, अशी त्यांच्या अंगवळणी पडलेली खूण होती, आणि कंपनीनं खाट रिकामी करून दाखवली.

"रुग्ण हलवला की रोग बरा होतो का हो सर?" अनसूया किंचाळल्या. "उष्णता जाणार कुठं? भट्टी पेटली की ती पुढच्या गावावर, त्याच्या पुढच्या गावावर पसरणार! आपण काय साऱ्या पृथ्वीवरून माणसं उचलत जाणार आहोत?"

"खाली बसा."

"आधी त्यांचे डोळे काढलेत, आता माणसंच काढता! डॉक्टर म्हणवून घ्यायची लाज वाटत नाही?"

देवपुजारींचा चेहरा पांढरा पडला. ते लवादाचे अध्यक्ष होते तसे अनसूयांचे वरिष्ठही होते. "तुम्हाला भट्टीलाइनचा फार पुळका आहे," ते थंडपणे म्हणाले. "तिथल्या आरोग्यकेंद्रात निवासी डॉक्टरची जागा वर्षानुवर्षं रिकामी आहे. वीजकेंद्र धगधगतं आहे तोवर ती भरलेली हवी, हेही तुमच्याच कायद्यात आहे. कुणी जायला तयार नसतं. तुम्ही जा. निवृत्तीपर्यंत तिथंच बसा, बिनमाणसांच्या गावात."

टाळ्या वाजल्या. नांदगिरीत भट्टीलाइनला बदली म्हणजे काळं पाणी.

चाळी रिकाम्या झाल्या त्या दिवशी अनसूयांना कुणी पाणी विचारलं नाही. ट्रकवर भांडी चढत होती. ओळखीच्या बाया तोंड फिरवून जात होत्या. कुणीतरी त्यांच्या पाठीवर राखेचा गोळा मारला. यमुनाबाई मात्र समोर येऊन उभ्या राहिल्या. हातात ती बाटली होती.

"काहून केलं तं अनसू तुनं असं? मोती माह्या डोयातला, अन् घरबी माह्यंच गेलं. तुले भट्टी बंद कराले सांगतली होती का घर बंद कराले?"

"मावशी, मला वाटलं होतं..."

"वाटलं होतं म्हने! शिकल्या मानसाचं वाटनं आमाले लय महागात पडते. तुह्या मायनं अन् म्या एका चुलीवर भाकरी केल्या, म्हनून थुकत नाई तुह्यावर."

त्यांनी बाटली अनसूयांच्या हातात कोंबली आणि त्या ट्रकवर चढल्या. अपमानाला उत्तर असतं, खऱ्या बोलण्याला नसतं.

नजमा त्यांना न्यायला आल्या होत्या. "राजीनामा दे. डोळ्यांचं कारण सांग. खरंच, अनसूया, तुला आता समोरचं नीट दिसत नाही. आधी मोतीबिंदू काढून घे."

"नजमा," अनसूया हळूच म्हणाल्या. बदलीचा आदेश त्यांनी नाकाशी धरला होता. "कायद्यात रहिवासी कुणाला म्हटलंय?"

"पन्नाशी उलटलेला कुणीही, जो तिथं राहतो आणि झोपतो. का?"

अनसूयांनी आदेश घडी करून पर्सेत ठेवला. "काही नाही. माझी वळकटी तेवढी आणून दे."

पाचव्या भट्टीच्या शेवटच्या वाचनाला कंपनीनं मांडव घातला होता. मंत्री येणार होते. भिंगवाचक घेऊन सरकारी पथक रिकाम्या चाळींतून फिरलं, दारं ठोठावली आणि शेवटी आरोग्यकेंद्राशी आलं. दार उघडं होतं. आत स्टुलावर अनसूया बसल्या होत्या.

"या," त्या म्हणाल्या. "मी इथली निवासी डॉक्टर. अध्यक्षांच्या सहीनं. कायद्यानं मला हलवता येत नाही, भट्ट्या जळताहेत तोवर माझी जागा भरलेलीच हवी. वय त्रेपन्न. झोपते इथंच. डोळे माझेच आहेत, प्लास्टिकचे नाहीत. मोजा."

पथकप्रमुखानं नियम पाळला, कारण मांडवाशी सगळी वर्तमानपत्रं उभी होती. बालपण भट्टीलाइनमध्ये आणि उभं आयुष्य पंख्याखालच्या कक्षांत, अशी एकसष्ट वलयं त्या भिंगात होती. भट्टीलाइनमध्ये रहिवासी एक, सरासरी एकसष्ट. चाळीसच्या वर, म्हणून नवी भट्टी नाही. ऐंशीच्या खाली, म्हणून वस्ती निवासाला अयोग्यही नाही.

मांडव तसाच उतरवला गेला.

देवपुजारी आले ते त्यानंतर, एकटेच, हातात नेत्रालयाची पेटी घेऊन. त्यांनी अनसूयांची हनुवटी धरली आणि विद्यार्थिनीला शिकवताना धरत तशी बॅटरी डोळ्यावर धरली.

"पार पिकलंय," ते म्हणाले. "दुसराही त्याच वाटेवर. पावसाळ्यापर्यंत तुला डोळ्यांपुढे धरलेला हात दिसणार नाही."

"यंत्राला चालतं. त्याचा किरण पिकलेल्या भिंगातूनही जातो. उलट वलयं ठळक उठतात, नजमा म्हणते."

"मूर्खपणा करू नकोस. उद्या नेत्रालयात ये. मी स्वतः करतो. अख्खं काढून देईन, ओरखडा उठणार नाही. बाटलीत घालून देतो, म्हणशील तर वलयं मोजत बस जन्मभर!" त्यांचा आवाज कापत होता. तो रागानं की आणखी कशानं, हे त्यांनाही सांगता आलं नसतं.

"सर, तुमच्या हातावर माझा विश्वास आहे. पण बाटली रहिवासी नसते."

देवपुजारी उभे राहिले. "आंधळी डॉक्टर! रुग्ण कशी तपासशील?"

"रुग्ण तुम्ही हलवलेत ना सगळे," अनसूया म्हणाल्या. "ते परत येईपर्यंत मला बघायचं तरी काय आहे इथं?"

देवपुजारी पेटी तिथंच विसरून निघाले. दारात त्यांना यमुनाबाई आडव्या आल्या, डोक्यावर बोचकं. नव्या वसाहतीत नळाला पाणी नव्हतं आणि राग अजून उतरलेला नव्हता. भट्टीलाइनला अयोग्य म्हणणारा आदेश आता उरला नाही, एवढं त्यांच्या कानावर आलं होतं. त्यांनी देवपुजारींकडे बघितलंसुद्धा नाही.

"सरक अनसू," त्या म्हणाल्या. "मी माह्या घराचं कुलूप खोलाले आलो. अन् तू अशी चाचपडत चुलीजवळ जाऊ नोको, भाजशीन. भाकर मी करतो."